फिशपाँड कुणावर पडलाच नाही?

फिशपाँड म्हणजे निरोप समारंभात सगळ्यांसमोर वाचली जाणारी, कुणाला तरी चिमटा काढणारी चिठ्ठी. ही चिठ्ठी साधीच होती. 'याचं भविष्य काय विचारता? स्टँडवर वडापाव तळणार!' दहावी 'ब'चा निरोप समारंभ, पत्र्याच्या शेडखाली अंथरलेल्या सतरंज्या, घुमणारा माईक आणि खोक्यातून निघालेला वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा. ज्याच्या नावावर ती पडली तो वर्गातला हजरजबाबी मुलगा. त्यानं लगेच उभं राहून हवेतल्या कढईत झारा फिरवला आणि टाळ्या घेतल्या. सगळे हसले. त्याच्यामागे दोन रांगा सोडून बसलेला आणखी एक मुलगाही हसला, पण आजूबाजूला बघून, इतरांपेक्षा किंचित उशिरा. त्याच्या वडिलांची गाडी स्टँडवरच लागते. लिहिणाऱ्याच्या मनात तो नव्हता, वाचणारीच्याही नव्हता. कार्यक्रमानंतर कागदी ताटल्यांत वाटलेले वडे मात्र त्याच गाडीवरून आले होते. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही, कुणाचे पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे आले नाहीत. आले असते तर विषय मिटला असता. आता तो हसण्यातला उशीर तेवढा डोक्यात राहिलाय.

या समारंभांचा हंगाम ठरलेला असतो. तिळगुळाचे डबे रिकामे होतात, पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून हातात पडतात, तोंडी आणि प्रात्यक्षिकं दाराशी येतात, आणि मधल्या फटीत नववीची मुलं वर्गणी काढून दहावीला निरोप देतात. बोर्डाची लेखी परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असायची. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, त्यामुळे ही फट आणखी चिंचोळी झाली आहे. तरी कार्यक्रम चुकत नाही. सकाळी नववीतली दोन-तीन सुंदर हस्ताक्षराची मुलं फळ्याला भिडलेली असतात. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं की रंग गडद उठतो आणि ओढणी घासली तरी अक्षर पुसत नाही, ही विद्या एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाते. कोपऱ्यात एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती. उदबत्ती, मोगऱ्याचे गजरे, नव्या कपड्यांची खळ आणि दुपारपासून झाकून ठेवलेल्या वड्यांचा वास, असं सगळं एकात एक मिसळलेलं. मुली आईच्या किंवा मावशीच्या साडीत येतात. खांद्याला एक, निऱ्यांना दोन, पदराच्या घड्यांना दोन-तीन, अशा पिनांच्या भरवशावर ती साडी उभी असते, त्यामुळे बसताना सगळ्या जणी मांडी घालायची की पाय दुमडायचे या विचारात. मुलगे भावाचा शर्ट घालून येतात. तो मापाचा असला तर भाऊ धाकटा समजावा.

भाषणं होतात. एक मुलगी हुंदका दाबत मनोगत म्हणते, एक मुलगा पाठ केलेलं मनोगत मधेच विसरतो, मुख्याध्यापक 'ही शाळा तुमचीच आहे' सांगतात.

मग सगळे सरसावून बसतात, कारण आता फिशपाँड.

जुन्या लोकांच्या तोंडी याला शेलापागोटे हा शब्द आहे. मानाचं वस्त्र द्यायचं, पण टोचरं. नाव कोणतंही असो, यंत्रणा तीच. चपलांचा खोका, त्यावर मार्बल पेपर, झाकणाला पट्टीनं आखून ब्लेडनं कापलेली फट. खोका समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी ठेवावा लागतो, आणि ठेवण्याची जागा महत्त्वाची. शिक्षकांच्या खोलीसमोर ठेवला तर त्यात शुभेच्छाच पडतात. जिन्याखाली ठेवला तर जे पडतं ते वाचवत नाही. पाण्याच्या टाकीजवळची जागा उत्तम: येजा सतत, पण कुणी रोखून बघत नाही. पहिले तीन दिवस खोका रिकामा राहतो, चौथ्या दिवशी एकदम भरतो, कारण तोवर कुणीतरी आपल्यावर लिहिलंय अशी अफवा पसरलेली असते आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर-प्रत्युत्तराचे कागद बहुतेक टाकाऊ. कामाचं येतं ते सहाव्या-सातव्या दिवशी, राग संपल्यावर.

निवड दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांनी करावी, आणि शिक्षक भाषेचाच असावा असं नाही. खेळाचे शिक्षक बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतात, कारण मैदानावर कोण कुणाला का चिडवतं हे त्यांना ठाऊक असतं. चिठ्ठ्यांचे तीन ढीग: वाचायच्या, दुरुस्त करून वाचायच्या, आणि फाडायच्या. रंग, वजन, उंची, तोतरेपणा, आडनाव, बापाचा धंदा, मुला-मुलीच्या जोड्या, हे सगळं तिसऱ्या ढिगात. त्यावर चर्चा करत बसू नये. चर्चा केली की 'पण तिलाही माहितीये, तीच हसते स्वतःवर' असा युक्तिवाद हमखास येतो. ती हसते, कारण तिच्याकडे दुसरा पर्याय नसतो. खरा वेळ मधल्या ढिगाला द्यावा. तिथं विनोदाचं बी असतं, पण ते चुकीच्या जागी पेरलेलं असतं. साठ जणांच्या वर्गाला एक एक चिठ्ठी म्हटली, आणि वाचन, हशा, संबंधितानं उठून वाकून दाखवणं यांना प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं, तरी अर्धा तास झाला. पाऊण तासाच्या पुढे गेलं की मागच्या रांगा कुजबुजायला लागतात आणि शेवटच्या दहा चिठ्ठ्या वाया जातात.

दोन ओळींचं यमक ही या प्रकाराची जुनी घडण. गद्य वाक्य वाचलं की हशा विस्कळीत येतो, कारण विनोद कुठे संपला हे ऐकणाऱ्यांना कळत नाही. यमक ते सांगतं. पहिल्या ओळीत चित्र, दुसऱ्या ओळीच्या शेवटी टोला, आणि टोल्यानंतर एकही शब्द नाही. उशिरा येणाऱ्यावर: 'प्रार्थना झाली, हजेरी झाली, फळा भरून गेला, दारात उभं राहून विचारतो, मॅडम, तास सुरू झाला?' सगळं उसनं मागणाऱ्यावर: 'पेन माझं, पट्टी तुझी, रबर शेजारणीचं, बोर्डाच्या पेपरात फक्त नाव असेल याचं.' या दोन्हींत मुलाचं नाव नाही. नाव वाचणाऱ्यानं आधी घ्यायचंच नाही. दुसरी ओळ संपायच्या आत अर्ध्या वर्गानं त्या मुलाकडे मान वळवली, तर चिठ्ठी साधली. माना चार दिशांना वळल्या, तर ती कुणालाही लागू पडणारी होती, म्हणजे कुणाचीच नव्हती.

वाचणाऱ्यानं स्वतः हसायचं नाही, ही पहिली आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी अट. दुसरी, शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. तिसरी, क्रम. सुरुवात ज्याला काहीही म्हटलं तरी चालतं अशापासून, दुसरी चिठ्ठी एखाद्या शिक्षकांवर ('हे सोपं आहे म्हणत सर फळ्यावर गणित मांडती, उत्तर येईतो घंटा होते, घरी करा सांगती'), म्हणजे मुलांना कळतं की आज सगळ्यांना सूट आहे. हळव्या मुलांच्या चिठ्ठ्या मध्यावर, हशा चढलेला असताना. शेवट कधीही दुबळ्या चिठ्ठीनं करू नये. आणि स्पीकर माईकच्या मागे ठेवू नयेत. ते माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत, नाहीतर ऐन टोल्याच्या वेळी शिट्टी वाजते आणि हशा तिच्यात जातो. ही गोष्ट दर वर्षी सांगावी लागते.

आता भविष्याकडे येतो. 'वीस वर्षांनी कोण काय होणार' हा फिशपाँडचाच एक पोटप्रकार, पण जास्त अवघड. चालू सवयीवर बोलायला डोळे लागतात, भविष्यावर बोलायला डोळे आणि जगाची थोडी माहिती दोन्ही लागतं. पंधरा वर्षांच्या मुलांकडे पहिलं भरपूर असतं, दुसऱ्याची वानवा. त्यामुळे त्यांच्या भविष्यवाणीतून त्यांचं गाव तेवढं नीट दिसतं. साताऱ्याकडच्या शाळांत निम्मा वर्ग सैन्यात जातो, निदान चिठ्ठ्यांमध्ये तरी. आपशिंगे मिलिटरीसारखं, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं धाडणारं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे नवल नाही. लातुरात प्रत्येक जण डॉक्टर होतो आणि विनोद एवढाच उरतो की कितव्या प्रयत्नात. कोकणातल्या चिठ्ठ्यांत व्यवसाय नसतोच, 'मुंबईला जाणार' एवढ्यावर भविष्य संपतं. गोव्यात कुणीतरी जहाजावर जातंच. पुण्याच्या आसपास एक पात्र ठरलेलं आहे: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत केस पिकेपर्यंत स्पर्धा परीक्षा देणारा. गेल्या काही वर्षांत रील बनवणारे आणि यूट्यूबर सगळीकडे उगवले आहेत, त्यामुळे गावागावांतला फरक पुसट होत चाललाय, आणि विनोदही. सगळेच प्रसिद्ध होणार असतील तर हसायचं कशाला?

आणि मग उरतात ते खालच्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांचे विनोद. रिक्षा चालवणार, म्हशी राखणार, भाजी विकणार, वडापाव तळणार. हे विनोद निर्दय आहेत अशी तक्रार होते आणि काही शाळांनी त्यापायी फिशपाँडच बंद करून टाकलाय. मला वाटतं निर्दयपणा ही दुसरी अडचण. पहिली अडचण, ते आळशी आहेत. 'वडापाव तळणार' या वाक्यात ज्याच्यावर ते पडलं त्याचं काहीच नाही. ते वर्गातल्या कुणालाही चिकटवता येतं. आणि त्यात वडापावचंही काही नाही. पीठ पातळ झालं तर आवरण सुटतं, तेल पुरेसं तापलं नसेल तर वडा तेल पितो, पाव सकाळी किती घ्यायचे याचा अंदाज चुकला तर दिवसाची कमाई त्यातच जाते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो दोन रांगा मागे बसला होता. त्यानं लिहिली असती तर ती चिठ्ठी वेगळी झाली असती.

दुरुस्ती अशा वेळी सोपी असते. धंदा तोच ठेवायचा, हसायचं मात्र त्या धंद्यात शिरलेल्या सवयीला. वर्गाच्या फंडाचा हिशेब पैशापैशानं ठेवणारा मुलगा असेल तर 'हा वडापाव विकेल, पण तळलेली मिरची मागितलीत तर पावती मागेल.' घसा न बसता तासभर गोष्टी सांगणारा असेल तर 'याच्या रिक्षातून पोचल्यावरही कुणी उतरणार नाही, गोष्ट अर्धी राहिलेली असेल.' इचलकरंजीच्या वर्गातली खणखणीत आवाजाची मुलगी: 'हिच्या कारखान्यात यंत्रमाग बंद करून हिला बोलावं लागणार नाही, हिला ऐकायला यंत्रमागच थांबतील.' आता रिक्षावाला, यंत्रमागवाली, वडापाववाला असणं ही शिक्षा राहिली नाही, ती नुसती जागा झाली. हीच कसोटी उलट दिशेनं लावून बघावी: 'हा कलेक्टर होणार' ही चिठ्ठीही तितकीच आळशी. तो कलेक्टर झाल्यावर फाइलवर सही करायला पेन कुणाकडे मागेल, ते सांगा.

भविष्य नाटुकल्यातून सांगायचं असेल तर नंदीबैलासारखं साधन नाही. ढोलाच्या गुबुगुबु आवाजाबरोबर दारात येऊन मान हलवणारा बैल आता कमी दिसतो, पण मुलांना तो माहीत असतो. दोन मुलं, एक मोठी चादर, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं तोंड, वर्तमानपत्राच्या सुरळीची शिंगं, गळ्यात घुंगरू. पुढच्या मुलानं पुठ्ठ्याचं तोंड आतून दोन्ही हातांनी धरायचं, काठी लावून वर उचलायचं नाही. काठीवरचं तोंड डुगडुगतं आणि होकार कुठला, नकार कुठला ते मागच्यांना कळत नाही. बघायला फट डोळ्यांच्या जागी नको, हनुवटीखाली हवी, कारण मुलाचं डोकं बैलाच्या डोक्याच्या मागे आणि खाली असतं. मागच्या मुलानं वाकून पुढच्याचा पट्टा धरायचा आणि दोघांनी एकच पाय आधी टाकायचा, याची तालीम नसेल तर बैल मध्यावरून तुटतो. चादरीखाली उकडतं, पाच-सहा मिनिटांच्या वर ताणू नये.

नंदीबैलवाला झालेल्या मुलानं विचारायचं, 'सांग नंदी, हा पास होईल का?' बैल जोरात मान हलवतो. 'गणितात?' बैल खाली बसतो. एवढ्यावर शेड डोक्यावर घेतलं जातं. बैल बोलत नाही, हेच त्यातलं शहाणपण आहे. ज्याला बोलताच येत नाही तो कुणाच्या बापाचा धंदा काढणार नाही.

आता यादीचं काम. कंटाळवाणं आहे आणि बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही, पण माझ्या मते सगळा कार्यक्रम इथं ठरतो. निवडलेल्या चिठ्ठ्या घेऊन हजेरीपटासमोर बसायचं आणि प्रत्येक नावापुढे खूण करत जायचं. टवाळ मुलांपुढे पाच-पाच खुणा होतात, पहिल्या नंबराच्या मुलीपुढे चार, सतत मार खाणाऱ्यापुढे सहा. आणि आठ-दहा नावांपुढे काहीच नाही. ही मुलं मधल्या बाकांवर बसतात. नापास होत नाहीत, बक्षीस मिळवत नाहीत, गॅदरिंगच्या नाचात मागच्या ओळीत असतात. त्यांच्यावर वाईट कुणी लिहिलेलं नसतं, कारण त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलंच नसतं. टोचरी चिठ्ठी ऐकून मूल दोन दिवस फुगून बसतं. साठातल्या बावन्न जणांवर चिठ्ठी पडली आणि आपल्यावर नाही, हे मात्र कुणाला सांगताही येत नाही. त्यात तक्रार काय करायची? घरी आई विचारते, तुझ्यावर काय पडलं गं? मुलगी सांगते, आमच्याकडे वेळच संपला.

या आठ-दहा जणांच्या चिठ्ठ्या समितीनं स्वतः लिहायच्या असतात, आणि त्यासाठी आधी माहिती काढावी लागते. वर्गशिक्षकांना विचारून फार हाती लागत नाही, 'शांत आहे, चांगली आहे' एवढंच मिळतं. शिपाईमामांना विचारावं. एसटीनं सोबत येणाऱ्यांना, सायकल शेजारी लावणाऱ्यांना, डबा एकत्र खाणाऱ्यांना विचारावं. प्रश्न 'ती कशी आहे' असा नको, 'ती मधल्या सुट्टीत काय करते' असा हवा. मग कळतं की शाळा सुटल्यावर वर्गातले पंखे आणि दिवे बंद करून सगळ्यांत शेवटी निघणारी मुलगी गेली तीन वर्षं तीच आहे. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पाहिलेलं नाही, मामांखेरीज. तिच्यावर दोन ओळी होतात: 'वर्ग सुटला, सगळे पळाले, पंखा फिरत राही, महावितरणा, काळजी नको, अजून ती गेली नाही.' अशा चिठ्ठीवर हशा मोठा येत नाही. आधी क्षणभर कुणाला कळत नाही कोण ते, मग एक एक मान वळते, आणि ती मुलगी मात्र पहिल्या ओळीलाच लाल झालेली असते. समितीच्या तीन आठवड्यांच्या कामातली ही एवढी जागा मला सगळ्यांत आवडते, आणि ती टाळ्यांत मोजता येत नाही.

अनुपस्थितांचा प्रश्न वेगळा. बीडसारख्या भागात ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि फेब्रुवारीत कारखाने चालूच असतात. आईवडिलांबरोबर तळावर गेलेली मुलं परीक्षेपुरती परततात, काही हंगामी वसतिगृहात मागे राहतात. त्यांचे फिशपाँड गैरहजेरीत वाचू नयेत. ज्याला उठून वाकता येत नाही, त्याच्यावर हसणं एकतर्फी होतं. चिठ्ठी पाकिटात घालून नाव टाकून ठेवावी आणि हॉल तिकीट न्यायला येतील तेव्हा हातात द्यावी.

भेटींबद्दल लिहायचं तर आधी खोट्या भेटी. फिशपाँडबरोबर वस्तू द्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे: उशीर करणाऱ्याला गजराचं घड्याळ, बडबड्याला कुलूप, उसनवाऱ्याला रिफिल. इथंही तोच नियम, आणि जास्त कडक, कारण चिठ्ठी विसरली जाते, वस्तू घरी जाते. साबण, गोरेपणाचं क्रीम, वजनाच्या नावानं दिलेली काकडी, या वस्तू घरात गेल्या की त्यांचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. खोटी भेट वापरता येण्याजोगी हवी. रिफिल बरी, कारण ती परीक्षेत लागते. कुलूप किल्लीसकट द्यावं. अकरावीला वसतिगृहात जाणाऱ्याच्या पेटीला होतं. गुंडाळताना वर्तमानपत्राचे आठ-दहा थर द्यावेत, सोडायला लागणारा वेळ हाच अर्धा कार्यक्रम असतो, पण चिकटपट्टी प्रत्येक थराला एकच, नाहीतर मूल दातांनी फाडत बसतं आणि लोक जांभया देतात.

शर्टावर सह्या घ्यायचं वेड अलीकडचं. गणवेशाचा पांढरा शर्ट, शेवटचा दिवस, सगळ्यांची नावं. स्केचपेननं केलेल्या सह्या पहिल्याच धुण्यात जातात. परमनंट मार्कर टिकतो, पण आत पुठ्ठा घातला नाही तर पोटावरची सही पाठीवर उमटते. आणि तो शर्ट परीक्षेला घालून जायचा नसतो हे सांगावं लागतं, कारण दर वर्षी एखाद्याकडे दुसरा शर्ट नसतो. तो कोण हे सह्यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी कुणीतरी बघून ठेवायला हवं. त्याला सह्यांसाठी मोठा रुमाल द्यावा, आणि दोन-तीन जणांनी मुद्दाम रुमालावरच घ्याव्यात, म्हणजे तो एकटा पडत नाही.

शाळेला द्यायची भेट हा खरा वादाचा विषय. साठ मुलं, प्रत्येकी दीडशे रुपये, झाले नऊ हजार. काय घ्यायचं? दहात सात वेळा उत्तर येतं भिंतीवरचं घड्याळ, आणि त्यावर 'दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट'. कुठल्याही जुन्या शाळेच्या व्हरांड्यात अशी तीन-चार घड्याळं असतात आणि त्यांत तीन-चार वेगळ्या वेळा. घड्याळ बिघडलेलं नसतं. सेल बदलायला शिडी लागते, शिडी शेजारच्या दुकानातून आणावी लागते, म्हणून ते राहतं. त्यामुळे घड्याळ देणाऱ्यांनी शिडीच का देऊ नये, असा माझा जुना प्रश्न आहे. वर्गणीत बसते, दहा वर्षं टिकते, आणि आधीच्या सगळ्या तुकड्यांची घड्याळं चालू होतात. पण शिडीवर नाव उठून दिसत नाही. पाण्याचा कूलर दिसायला भारी, मात्र त्याचं वीजबिल आणि दुरुस्ती देणाऱ्यांच्या हिशेबात नसते; दोन उन्हाळ्यांनी तो भांडारात जातो आणि त्यावर प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बसतात. फुटबॉल दिलात तर हवा भरायचा पंप आणि चार जादा सुया द्या, कारण सुई पहिल्याच महिन्यात मोडते. लोखंडी कपाटावर नाव घालायचं तर रंगाऱ्याकडून आधी तो भाग पॉलिश पेपरनं घासून घ्यावा, गुळगुळीत पृष्ठभागावर रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि 'सप्रेम'मधला 'स' गळाला की पुढचं वाचून येणारी-जाणारी मुलं वर्षानुवर्षं हसतात.

शिक्षकांना शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. त्यांच्या कपाटात या शालींची थप्पी असते, हे मुलांना ठाऊक आहे, शिक्षकांनाही ठाऊक आहे, आणि तरी त्या वेळी पदर सावरून किंवा टोपी नीट करून त्या खांद्यावर घेतल्या जातात. यात बदल सुचवायचा मोह होतो. पण नारळाची चटणी होते, फूल वहीत जातं, शालही कुणाच्या तरी बारशाला पुढे जाते. चालू द्यावं.

दहावीला नववीकडून मिळतं पेन. त्याबद्दल एकच सूचना, ते परीक्षेत वापरण्यासाठी असेल तर महिनाभर आधी द्यावं. नवं पेन पहिल्या पेपरला उघडणाऱ्याची पहिली दहा मिनिटं रेघोट्या मारण्यात जातात.

निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला मिळेल, त्यावर वर्तणुकीपुढे साठच्या साठ जणांना 'चांगली' असंच लिहिलेलं असेल. त्याला इलाज नाही. कार्यालयात पुढे वीस अर्जदार उभे असतात.

राहिल्या चिठ्ठ्या. फाडायच्या ढिगातल्या त्याच दिवशी फाडाव्यात, केराच्या टोपलीत अख्ख्या टाकू नयेत. केर काढणाऱ्या मावशींचा मुलगा बहुधा त्याच शाळेत असतो. वाचून झालेल्या ज्याच्या त्याला द्याव्यात. मुलं त्या कंपासमध्ये, हॉल तिकिटाच्या प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवतात, आणि घोटाळा तिथं होतो. परीक्षागृहात वहीच्या कागदाचा घडी घातलेला तुकडा सापडला, तर त्यावर काय लिहिलंय हे भरारी पथक नंतर वाचतं, आधी मुलाला उभं करतं. 'बोर्डाच्या पेपरात फक्त नाव असेल याचं' ही ओळ तर मराठीच्या पेपराला कॉपी म्हणूनही खपेल. तेव्हा समारंभ संपता संपता माईकवरून शेवटची सूचना ही द्यावी: चिठ्ठ्या घरी ठेवा, कंपास रिकामा करून या, आणि जाताना सतरंज्या गोळा करायला दहा जण थांबा.